नवीन मेल इंडेक्स करणाऱ्या कमांडला ऑप्शन कसे द्यायचे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, धंदा क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचा, म्हणजे दिवसभर मेलच मेल. बीएलची (बिल ऑफ लेडिंग) कॉपी, डीओ (डिलिव्हरी ऑर्डर), बिल ऑफ एंट्री, डिटेन्शनची बिलं, आणि प्रत्येकाच्या सब्जेक्टमध्ये 'मोस्ट अर्जंट'. एक दिवस डिस्पॅचचे काका माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "अरे, त्या दोन कंटेनरवाल्या पार्टीचा डीओचा मेल सापडत नाहीये, तू कॉम्प्युटरवाला ना, बघ की जरा." तिथून हे सगळं सुरू झालं. नॉटमच आणि म्यू हे मेल शोधायचे दोन्ही तयार प्रोग्राम वापरून बघितले, चांगले आहेत, पण आम्हाला मेलमधला कंटेनर नंबर (चार अक्षरं, सात आकडे) आपोआप टॅग म्हणून लागायला हवा होता, म्हणून शेवटी पायथनमध्ये स्वतःचंच एक टूल लिहिलं. नाव ठेवलं टपाल.

शोधण्याचा भाग दोन वीकेंडमध्ये झाला. वेळ खाल्ला तो "नवीन आलेले मेल इंडेक्स कर" (म्हणजे पटकन शोधता यावेत म्हणून त्यांची सूची करून ठेव) या एका कमांडने, आणि तोही कोडमुळे नाही, ऑप्शनमुळे, म्हणजे कमांडपुढे -- लावून देतात त्या पर्यायांमुळे. कुठला ऑप्शन ठेवायचा, डिफॉल्ट काय, नाव काय, कॉन्फिगमध्ये (कायमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) काय टाकायचं. यावर मी इतक्या वेळा तोंडावर आपटलोय की आता कोणी असलं काही बनवायला घेतलं तर आधी हे वाचायला द्यावं म्हणून लिहून ठेवतोय.

एक सांगून ठेवतो, ऑप्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन स्पेलिंगने टाइप करायची.

काय काय हाताशी हवं

- मेलडिर पद्धतीत ठेवलेले मेल, म्हणजे एका मेलची एक फाइल, आणि प्रत्येक फोल्डरच्या पोटात टीएमपी, न्यू, कर असे तीन फोल्डर. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी आणली. मेल सर्व्हरवरून खाली आणायला एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप.
- इंडेक्ससाठी झेपियन लायब्ररी. नॉटमच आणि म्यू दोन्ही हीच वापरतात.
- पायथन ३.९ किंवा पुढचं, कारण पायरी ६ मध्ये लागेल.
- खऱ्या मेलची कॉपी नव्हे, पंचवीस-तीस मेलचं एक खोटं मेलडिर, जे बिनधास्त मोडता येईल.
- नॉटमचच्या 'न्यू' कमांडचं आणि म्यूच्या 'इंडेक्स' कमांडचं मॅन पेज (कमांडसोबत येणारं माहितीचं पान). दोन्ही छोटी आहेत, चहा पिता पिता वाचून होतात.
- एक वही. हो, खरंच.

१. कमांड कोण चालवणार ते आधी वहीत लिहा

मी हे केलं नव्हतं. मी धरून चाललो की चालवणारा मीच, टर्मिनलसमोर बसलेला. प्रत्यक्षात माझ्या टपालला तीन गिऱ्हाईकं निघाली. एक मी. दुसरा क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम), दर पाच मिनिटांनी, रात्री तीन वाजताही. तिसरे काका, ज्यांच्या डेस्कटॉपवर मी एक आयकॉन करून दिलाय आणि ते शोधायच्या आधी तो दाबतात, मेल सापडला नाही तर परत दाबतात, तीनदा दाबतात.

तिघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या. मला आकडे आणि प्रगती दिसायला हवी, क्रॉनला काहीही बोललेलं चालत नाही, काकांना लगेच झालं पाहिजे आणि काही बिघडलं तर एक ओळ, मराठीत. आता प्रत्येक ऑप्शनसमोर लिहा की हा कोणासाठी. ज्याच्यासमोर कोणाचंच नाव येत नाही तो ऑप्शन खोडा. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये चौदा ऑप्शन होते, आज सहा आहेत, आणि गेलेल्या आठांची आजवर कोणी चौकशी केलेली नाही. पण ते काढताना जो त्रास झाला तो विचारू नका, कारण कुठल्यातरी क्रॉनच्या ओळीत कुठलातरी जुना ऑप्शन बसलेलाच असतो.

२. काहीच ऑप्शन न देता काय व्हावं

खरं तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, कारण शंभरातल्या नव्वद वेळा कमांड अशीच नुसती चालणार. नवीन मेल शोधायचे दोन रस्ते असतात. एक, सगळ्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल बघायची. दोन, फोल्डरची एमटाइम बघायची, म्हणजे त्या फोल्डरमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, ती मागच्या वेळेइतकीच असेल तर आतल्या फाइली बघायच्याच नाहीत. मेलडिरमध्ये हे जमतं कारण मेल आला की फाइल वाढते, वाचला की फाइल न्यूमधून करमध्ये जाते, आणि दोन्ही वेळा फोल्डरची एमटाइम हलते.

गंमत म्हणजे दोन्ही प्रसिद्ध टूलनी उलटसुलट निर्णय घेतलाय. नॉटमच न सांगता एमटाइमचा शॉर्टकट घेतो, सगळं तपासायचं तर तुम्ही --फुल-स्कॅन म्हणायचं. म्यू न सांगता नीट तपासतो, शॉर्टकट हवा तर तुम्ही --लेझी-चेक म्हणायचं. दोघंही चूक नाहीत. पण तुम्हाला एक बाजू घ्यावी लागते, आणि माझं मत नॉटमचच्या बाजूने आहे, कारण आमच्याकडे दर पाच मिनिटांनी फेरी आहे. फुल-स्कॅन म्हणजे आमच्याकडे मेगाब्लॉक, रविवारी एकदा क्रॉनमध्ये लावून ठेवलाय, आठवडाभर फास्ट गाड्या.

शॉर्टकट घेणार असाल तर तीन खड्डे आहेत, तिन्हीत मी पडलोय.

पहिला, वरच्या फोल्डरची एमटाइम खालच्या फोल्डरमधल्या बदलाने हलत नाही. मी हुशारी करून लिहिलं होतं की फोल्डर बदलला नसेल तर त्याच्या आतल्या फोल्डरमध्येही उतरायचं नाही. झालं, दोन दिवस एकही नवीन मेल इंडेक्स झाला नाही आणि कमांड आनंदाने सांगतेय सगळं ओके. फाइली वगळा, पण आतल्या फोल्डरमध्ये दरवेळी उतरा.

दुसरा, एकाच सेकंदाचा. तुम्ही फोल्डर वाचला आणि त्याच सेकंदात अजून एक मेल पडला, तर एमटाइम तीच राहू शकते आणि तो मेल पुढच्या फेरीत कायमचा वगळला जातो, म्हणजे पुढे त्या फोल्डरमध्ये दुसरं काही हलेपर्यंत. नॉटमचचा कोड बघा, तिथे फोल्डरची एमटाइम आणि आत्ताची वेळ सारखी असेल तर ती एमटाइम डेटाबेसमध्ये नोंदवतच नाहीत, पुढच्या वेळी परत बघतात. एवढं साधं. मला हे स्वतःहून सुचलं नसतं.

तिसरा, बॅकअप. आरसिंकला (फाइली कॉपी करायचं टूल) -ए दिलं की तो फोल्डरच्या वेळासुद्धा जशाच्या तशा आणतो. म्हणजे हरवलेल्या फाइली परत आल्या, पण एमटाइम जुनीच, आणि कमांड 'मागच्यापेक्षा नवी आहे का' एवढंच बघत असेल तर तिला वाटतं इथे काही घडलंच नाही. बॅकअपमधून काही आणलं की --फुल-स्कॅन एकदा मारायचाच, आणि हे वाक्य हेल्पमध्ये त्या ऑप्शनखालीच लिहा, वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं कोणी वाचत नाही.

३. या फेरीपुरतं की कायमचं?

ऑप्शन ठेवायचा का कॉन्फिग, यावर लोक खूप वाद घालतात. माझा नियम असा. जी गोष्ट फक्त या एका फेरीपुरती आहे, म्हणजे किती बोलायचं, हुक (पायरी ५) चालवायचे का, किती खोल तपासायचं, तो ऑप्शन. जी गोष्ट इंडेक्सच्या आत काय साठतंय ते बदलते, ती कॉन्फिगमध्ये, आणि शक्य असेल तर डेटाबेसच्याच आत नोंदवून.

हे मला 'दुसऱ्या' या शब्दाने शिकवलं. काका शोधत होते "दुसऱ्या कंटेनरचा डीओ". मेल समोर दिसतोय, सब्जेक्टमध्ये तोच शब्द आहे, सर्च म्हणतंय काही नाही. दोन तास गेल्यावर कळलं की यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हेने लिहिता येतो. एक, ऱ हे तयार अक्षर. दोन, साधा र आणि खाली वेगळा नुक्ता. तीन, साधा र, हलंत आणि त्याच्या पुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळे शब्द. पहिल्या दोघांना युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन एकत्र आणतं. तिसऱ्याला नाही आणत, त्याच्यासाठी स्वतःचा एक नियम लिहावा लागतो.

तर मी काय केलं, --नॉर्मलाइज असा ऑप्शन टाकला. मी हाताने चालवताना द्यायचो, क्रॉनच्या ओळीत टाकायला विसरलो. परिणाम असा की अर्धा इंडेक्स एका पद्धतीचा, अर्धा दुसऱ्या, आणि काही आठवड्यांचे मेल सापडतात, काही आठवड्यांचे नाही, आणि का ते कोणालाच कळत नाही. असला घोळ शोधून काढायला फार वेळ लागतो कारण कमांड कुठेही फेल होत नाही.

आता हा ऑप्शनच नाही. नॉर्मलायझेशन नेहमी होतं, आणि कुठल्या नियमाने झालं त्याचा व्हर्जन नंबर झेपियनच्या मेटाडेटात लिहिलेला असतो. नियम बदलला तर कमांड सरळ थांबते आणि सांगते की आधी पूर्ण रीइंडेक्स करा. म्यूने हीच वाटणी कमांडमध्येच केली आहे, मेलडिर कुठे आहे, तुमचे पत्ते कोणते, हे 'इनिट'ला एकदाच सांगायचं, नंतर 'इंडेक्स'ला फक्त फेरीपुरतं. नवख्याने हीच नक्कल करावी.

जाता जाता, सब्जेक्ट देवनागरीत असला तर तो मेलमध्ये सरळ नसतो, युटीएफ-८ आणि बेस६४ असल्या पाकिटात बांधून येतो. ते सोडवूनच इंडेक्स करा. याचाही ऑप्शन ठेवू नका, पाकीट फोडायचं की नाही हा काय प्रश्न आहे का.

आणि काय वगळायचं तेही कॉन्फिगमध्येच. एमबीसिंक मेल फोल्डरमध्ये स्वतःच्या नोंदीच्या फाइली ठेवतो, .एमबीसिंकस्टेट वगैरे, त्या मेल नाहीत. नॉटमचमध्ये 'न्यू.इग्नोर' ही सेटिंग आहे ती यासाठीच.

४. गप्प बसणं: --क्वाएट आणि --व्हर्बोज

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. टपालच्या पहिल्या व्हर्जनमध्ये शेवटी एक ओळ छापली जायची, "नवीन मेल: ०". छान दिसायची. क्रॉनची सवय अशी की कमांडने काहीही छापलं की ते तो तुम्हाला मेल करतो. आणि माझ्या मशीनवर लोकल मेल ज्या मेलडिरमध्ये पडायचा, तेच मेलडिर टपाल इंडेक्स करायचं. म्हणजे फेरी झाली, "नवीन मेल: ०" असा मेल आला, पुढच्या फेरीत तो नवीन मेल, मग "नवीन मेल: १" असा मेल, तो पुढच्या फेरीत नवीन. मी हे लावून गणपतीला गावी गेलो. पाच दिवसांनी परत. दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे चौदाशेच्या वर मेल, बहुतेक सगळे "नवीन मेल: १". बाप्पाच्या कृपेने नेमके ऑफिसचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये होते.

तर नियम हे. प्रगतीची टक्केवारी, फिरणारा आकडा, हे फक्त आउटपुट टर्मिनलवर जात असेल तरच दाखवा, ते तपासणं एका ओळीचं काम आहे आणि नॉटमचही तसंच करतं. --क्वाएट दिलं की प्रगतीही नाही आणि निकालही नाही. पण एरर स्टँडर्ड एररवर (चुका छापायच्या वेगळ्या वाटेवर) जायलाच हवी, क्वाएट असलं तरी. साधा क्रॉन एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) बघून तुम्हाला उठवत नाही, काही छापलं तरच मेल करतो, त्यामुळे एररही गिळलीत तर महिनाभर कोणाला पत्ता लागणार नाही.

--व्हर्बोजने प्रत्येक फाइलचं नाव छापावं. दोन्ही एकदम दिले तर? हे आधीच ठरवा आणि हेल्पमध्ये लिहा. नॉटमचमध्ये क्वाएट जिंकतो, व्हर्बोजकडे दुर्लक्ष होतं. मीही तेच ठेवलं, भांडण मिटलं.

५. हुक्स आणि --नो-हुक्स

हुक म्हणजे इंडेक्सिंगच्या आधी किंवा नंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट. नॉटमचच्या 'न्यू' कमांडला प्री-न्यू आणि पोस्ट-न्यू असे दोन. प्री-न्यूमध्ये लोक मेल खाली आणतात, पोस्ट-न्यूमध्ये टॅग लावतात. आमच्याकडे पोस्ट-न्यू कंटेनर नंबर शोधतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नॉटमचमध्ये प्री-न्यू फेल झाला तर पुढचं इंडेक्सिंग होतच नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मी डोंबिवलीहून येताना कधी बसायला मिळालं तर लॅपटॉप उघडतो, लोकलमध्ये नेटवर्क येतं-जातं, मेल आणायची स्क्रिप्ट फेल, आणि आधीच खाली आलेले मेलसुद्धा इंडेक्स होत नाहीत. तिथे --नो-हुक्स लागतो. आहे तेवढं इंडेक्स कर, बाहेर जाऊ नकोस.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पोस्ट-न्यू हुकमधून कोणी परत 'न्यू' कमांड बोलावली तर ती परत हुक बोलावते, तो परत कमांड. हुकमधून बोलावताना --नो-हुक्स द्यायचाच, आणि तुमच्या कमांडने एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (हुकलाही दिसेल अशी 'मी चालू आहे' ही खूण) ठेवून स्वतःलाही वाचवावं, कारण लोक विसरतात. कोण लोक? मी.

६. हो-नाही वाले आणि तीन-चार उत्तरांचे ऑप्शन

हो-नाही वाल्याची दोन्ही रूपं द्या, --हुक्स आणि --नो-हुक्स. वाटतं की डिफॉल्ट हुक्स आहेच तर सरळ रूप कशाला. पण उद्या कोणी कॉन्फिगमध्ये हुक्स बंद केले आणि एका फेरीपुरते हवे असले तर? पायथनच्या आर्गपार्समध्ये (ऑप्शन वाचणारी लायब्ररी) ३.९ पासून बूलियन-ऑप्शनल-अ‍ॅक्शन आहे, दोन्ही रूपं आपोआप मिळतात.

पण खरा खड्डा वेगळा आहे, जे हो-नाही वाटतं ते बऱ्याचदा नसतं. मी --अटॅचमेंट असा ऑप्शन ठेवला, दिला तर अटॅचमेंट इंडेक्स करा. मग साहेब म्हणाले फक्त फाइलचं नाव शोधता आलं तरी पुरे. मग --अटॅचमेंट-नाव आला. मग दोन्ही एकदम दिले तर काय हा प्रश्न आला. पहिल्यापासून --अटॅचमेंट=नाही, नाव किंवा मजकूर असं ठेवलं असतं तर हे झालंच नसतं. शंका असेल तर बरोबर-चिन्हाचं रूप घ्या, नंतर चौथं उत्तर सहज वाढवता येतं.

नॉटमचमधला --डिक्रिप्ट याचं चांगलं उदाहरण आहे. एन्क्रिप्ट केलेला मेल उघडून इंडेक्स करायचा का, याला चार उत्तरं आहेत. ट्रू म्हणजे उघडा आणि किल्ली जपून ठेवा, नोस्टॅश म्हणजे उघडा पण किल्ली ठेवू नका, ऑटो म्हणजे किल्ली आधीच जपलेली असेल तरच उघडा, आणि फॉल्स म्हणजे हात लावू नका. डिफॉल्ट ऑटो. विचार करून ठेवलंय, कारण उघडलेला मजकूर एकदा इंडेक्समध्ये गेला की ज्याच्या हातात इंडेक्स त्याच्या हातात मेल.

तुम्ही म्हणाल, अरे पण पायरी ३ मध्ये तर तू म्हणालास इंडेक्सच्या आत जे बदलतं ते कॉन्फिगमध्ये. बरोबर. डिक्रिप्टची कायमची सेटिंग कॉन्फिगमध्येच आहे, ऑप्शन फक्त एका फेरीपुरता ती बदलतो. आणि ते खपतं कारण उघडण्याचा प्रयत्न झाला असेल तर तो जमला की फसला हे नॉटमच त्या-त्या मेलसोबत नोंदवून ठेवतो, नंतर शोधून काढता येतं. माझ्या --नॉर्मलाइजची कुठेच नोंद नव्हती. अशी नोंद ठेवणार असाल तर ऑप्शन द्या, नाहीतर नको. अटॅचमेंटचं आम्ही शेवटी कॉन्फिगमध्येच टाकलं.

७. गेलेल्या मेलचं काय करायचं

नाव 'नवीन मेल इंडेक्स करा' असलं तरी ही कमांड जुने मेल काढतेसुद्धा, जी फाइल आता डिस्कवर नाही तिची नोंद इंडेक्समधून जाते. इथे सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं.

आमचे जुने मेल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते. एका सकाळी तिची वायर सैल झाली, डिस्क माउंट नाही, तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर. क्रॉनची फेरी आली, तिने बघितलं फोल्डर रिकामा, म्हणजे सगळे मेल गेले, आणि इमानदारीत सगळ्यांच्या नोंदी पुसल्या. मेल डिस्कवर सुखरूप होते, पण टॅग फक्त इंडेक्समध्ये होते. ते गेले. काकांनी सहा महिने हाताने लावलेले टॅग. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्यामुळे चार गोष्टी. मेलडिरच्या मुळाशी एक खुणेची फाइल ठेवा, ती दिसली नाही तर कमांडने थांबावं. एका फेरीत ठराविकपेक्षा जास्त नोंदी जाणार असतील तर काहीही न पुसता थांबावं आणि सांगावं, आमच्याकडे ही मर्यादा दोनशे आहे, खरंच पुसायच्या असतील तर --पुसू-द्या म्हणायचं. पुसायचं कामच नको असेल तर त्याचा वेगळा ऑप्शन, म्यूमध्ये --नोक्लीनअप आहे. आणि टॅगचा रोज टेक्स्ट फाइलमध्ये बॅकअप, नॉटमचमध्ये 'डंप' कमांड याचसाठी आहे.

--ड्राय-रनसुद्धा इथेच कामाला येतो, किती येणार किती जाणार एवढंच सांग, लिहू नकोस. पण ड्राय-रनमध्ये हुकही चालता कामा नयेत, नाहीतर तो कसला ड्राय, प्री-न्यूने मेल खाली आणून ठेवलेलेच असतात.

अजून एक बारीक पण घातक. मेल वाचला की मेलडिरमध्ये फाइलचं नाव बदलतं, शेवटी वाचल्याची खूण म्हणून एस लागतो. तुमच्या कमांडला ते दिसतं एक फाइल गेली, एक आली. आधी पुसणं केलंत तर टॅगही पुसले जातात आणि मग तोच मेल कोरा होऊन परत येतो. आधी जोडा, मेसेज-आयडीवरून (प्रत्येक मेलची स्वतःची ओळखखूण) ओळखा की हा तोच आहे, पुसणं सगळ्यात शेवटी.

८. बाहेर पडताना

एक्झिट कोड पटकन सांगतो. सगळं नीट झालं तर ०. नवीन मेल नव्हता तरीही ०, कारण ते अपयश नाही, इथे ग्रेपची नक्कल करू नका, त्या शोधायच्या कमांडला काही सापडलं नाही की ती १ देते. ऑप्शन चुकला तर आर्गपार्स स्वतःच २ देतो. "आत्ता जमलं नाही, थोड्या वेळाने परत कर" यासाठी ७५, हा जुना ठरलेला आकडा आहे आणि नॉटमचही तोच वापरतो. बाकी सगळं १.

७५ कधी लागतो? झेपियनमध्ये एका वेळी एकच लिहिणारा चालतो. क्रॉनची फेरी चालू असताना काकांनी आयकॉन दाबला की दुसऱ्याला कुलूप मिळत नाही. आधी मी तिथे पायथनची पूर्ण एरर येऊ द्यायचो, वीस ओळी, काका घाबरून मशीन रीस्टार्ट करायचे. आता "दुसरी फेरी चालू आहे, मिनिटभराने परत करा" एवढंच, आणि ७५. थांबायचं की लगेच परत फिरायचं यासाठी --वेट=सेकंद असा ऑप्शन आहे, काकांच्या आयकॉनमध्ये तीस, क्रॉनमध्ये शून्य.

कंट्रोल-सी मध्येच दाबला तर झालं तेवढं वाचलं पाहिजे, पुढची फेरी तिथून सुरू व्हावी. पहिला इंडेक्स तासभर चालतो, तो सलग बसून कोण बघणार. फक्त ज्या फोल्डरचं काम अर्धवट राहिलं त्याची एमटाइम नोंदवू नका, नाहीतर उरलेले मेल वगळले जातील, पायरी २ चाच खड्डा मागच्या दाराने.

९. नावं

एक अक्षरी रूपं फार वाटू नका, क्वाएटला -क्यू आणि व्हर्बोजला -व्ही पुरे. जे धोक्याचं आहे, उदाहरणार्थ --पुसू-द्या, त्याला छोटं रूप कधीच नको, टाइप करायला कंटाळा आलाच पाहिजे.

आर्गपार्स अर्धवट नावंही स्वीकारतो, हे मला माहीतच नव्हतं. --फुल-स्कॅनऐवजी नुसतं --फुल लिहिलं तरी चालतं. मी क्रॉनमध्ये तसंच लिहून ठेवलं होतं. नंतर --फुल-हेडर नावाचा नवीन ऑप्शन आणला आणि --फुल म्हणजे नक्की कोणता हे त्याला कळेना, रविवारचा मेगाब्लॉक बंद पडला. ३.५ पासून अलाउ-अ‍ॅब्रेव्ह नावाची सेटिंग आहे, पहिल्याच दिवशी फॉल्स करा.

नाव बदलायचंच असेल तर जुनं नाव चालू ठेवा, हेल्पमधून मात्र लपवा.

१०. लोकांच्या हातात द्यायच्या आधी

खोट्या मेलडिरवर हे एकेक करून बघा. सलग दोनदा चालवा, दुसऱ्यांदा काहीही व्हायला नको. एक मेल वाचल्याची खूण लावा, टॅग टिकले पाहिजेत. सगळा फोल्डर बाजूला हलवून चालवा, कमांड थांबली पाहिजे. 'दुसऱ्या' तीन तऱ्हेने टाइप केलेले तीन मेल टाका, एका शोधात तिन्ही यायला हवेत. दोन टर्मिनलमधून एकदम चालवा. आउटपुट फाइलमध्ये वळवून चालवा आणि ती फाइल उघडून बघा, त्यात टक्केवारीचा कचरा नको. मग क्रॉनमध्ये लावा आणि एक रात्र जाऊ द्या, पण गणपतीच्या आदल्या दिवशी नको.

शेवटी हेल्पचं पान प्रिंट करून अशा माणसाला वाचायला द्या जो हे वापरणार आहे पण ज्याने लिहिलेलं नाही. मी काकांना दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, ऑप्शनबद्दल एक शब्द विचारला नाही, विचारलं ते एवढंच, "हे दाबलं तर माझे मेल डिलीट नाही ना होणार?" अख्ख्या पानात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. आता हेल्पची पहिली ओळ आहे, 'ही कमांड तुमच्या मेलच्या फाइलींना हात लावत नाही', ऑप्शन त्याच्या खाली सुरू होतात.